मांडव त्यांचा, चूल आपली

संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकऱ्या थापत असेल, कुणी सुकट निवडत बसलं असेल. हातातलं काम थांबवू नका, फक्त कान इकडे द्या. मी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात बचतगटांची समन्वयक म्हणून काम करते. आज बोलायचं आहे ते पर्यटन महोत्सवांबद्दल आणि त्यांना मिळणाऱ्या अनुदानाबद्दल. तुम्ही म्हणाल, हा विषय सरपंचांचा, आमचा कशाला? कशाला ते सांगते.

थंडी पडली की आपल्या किनाऱ्यावर बॅनर लागायला लागतात. कुठे बीच महोत्सव, कुठे खाद्य महोत्सव, कुठे कोळी महोत्सव. काही वर्षांपूर्वी अशाच एका महोत्सवाला आमच्या पाच गटांना बोलावणं आलं. "ताई, तुमच्या महिलांना स्टॉल मोफत देतो," असं सांगितलं. आम्ही हरखून गेलो. गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज काढलं, तांदूळ दळून आणले, आमसुलं, नारळ, मासळी सगळं भरलं. प्रत्यक्षात स्टॉल मिळाले ते गाड्या लावायच्या जागेच्या मागे. स्टेजचं तोंड समुद्राकडे, आमच्याकडे त्याची पाठ. लोक सातला गाड्यांनी आले, ऑर्केस्ट्रा ऐकला, दहाला स्पीकर बंद झाले तसे निघून गेले. उकडीचे मोदक आम्ही दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी वाटले.

तेवढ्यावर भागलं नाही. कलाकार आणि पाहुणे यांची दोन दिवसांची जेवणं आमच्या गटांनी केली होती. "बिल देऊन ठेवा, अनुदान आलं की पैसे देतो," असं आयोजक म्हणाले. आठ महिने आम्ही फेऱ्या मारल्या. थोडे पैसे मिळाले, बाकीचे आजतागायत नाहीत. गटाच्या बैठकीत हिशेब वाचला तेव्हा एक काकी म्हणाल्या, "बाय, मला एवढंच सांग, अनुदान आपल्याला मिळालं की आपण दिलं?"

त्या प्रश्नावर बैठकीत हसू आलं, पण मला रात्री झोप लागली नाही. कारण काकींचं खरं होतं. गटाच्या पेटीतला पैसा आठ महिने त्या महोत्सवात अडकला होता. त्या काळात एकीला मुलीच्या फीसाठी कर्ज हवं होतं, ते आम्ही देऊ शकलो नाही.

तेव्हापासून मी अनुदान हा शब्द नीट समजून घ्यायला लागले. तुम्हालाही सांगते.

अनुदान आणि कर्ज यांत आपली गल्लत होते. राज्य सरकारने २०२३ मध्ये 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईला बँकेकडून पंधरा लाखांपर्यंत कर्ज घेता येतं आणि त्याचं व्याज ठरलेल्या मर्यादेपर्यंत पर्यटन संचालनालय भरतं. योजना चांगली आहे. पण मुद्दल आपल्यालाच फेडायचं असतं. ते कर्ज आहे.

अनुदान परत करायचं नसतं. पण ते फुकटही नसतं. ते ज्या कामासाठी दिलं त्याच कामावर खर्च झालं पाहिजे, बिलं जोडली पाहिजेत आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. पुष्कळदा आधी खर्च करायचा आणि नंतर पैसे, अशीच रीत असते. मधल्या काळात खर्च कुणी सोसायचा, हे कागदावर नसेल तर तो सर्वांत गरीब माणसाच्या अंगावर येतो. आमच्या बाबतीत तेच झालं.

हा पैसा येतो कुठून? काही पर्यटन संचालनालय आणि पर्यटन महामंडळाकडून, काही जिल्हा नियोजनातून, काही ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून, काही देणगीदारांकडून. केंद्राचं पर्यटन मंत्रालयही जत्रा-महोत्सवांना मदत करतं, पण तो प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो. म्हणजे यातला बराचसा पैसा जनतेचा आहे, आपलाही आहे. तो कुठे गेला हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

आता आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं बघा.

उरण तालुक्यात घारापुरीचं बेट आहे. तिथल्या लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटन महामंडळ नृत्य-संगीताचा महोत्सव भरवत आलं आहे. मोठमोठे कलाकार आले, रोषणाई झाली. पण बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या वस्त्यांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर त्यांचं सगळं जनरेटरवर, दिवसाचे मोजके तास. महोत्सव वाईट होता असं मी म्हणत नाही. पण स्टेज उजळलं म्हणजे घर उजळतंच असं नाही.

दुसरं उदाहरण दिवेआगरचं. नोव्हेंबर १९९७ मध्ये एका बागेत सोन्याचा गणपती सापडला आणि गावाचं नशीब पालटलं. तिथे कुणी मोठा महोत्सव भरवला नव्हता. लोक दर्शनाला यायला लागले, त्यांना जेवायला हवं होतं, राहायला हवं होतं. बायकांनी ओटीवर पानं मांडली, मागच्या खोल्या झाडून दिल्या. घरगुती खाणावळी आणि निवास असे उभे राहिले. २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला, मूर्ती गेली आणि पाहुण्यांची वर्दळही घटली. पुढे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्याने घडवलेला मुखवटा मंदिरात आला. या सगळ्या उलथापालथीत तग धरला कुणी? ज्या घरात पाहुणा मुक्कामाला राहत होता, ओळखीने परत येत होता, त्या घराने.

याचा अर्थ महोत्सवाला अनुदान द्यायचं ते मुक्काम वाढावा म्हणून, नुसती गर्दी जमावी म्हणून नव्हे. बाहेरच्या देशांतही हा विचार झालेला आहे. कोरोनात न्यूझीलंडच्या सीमा बंद झाल्या, परदेशी पाहुणे थांबले. तेव्हा २०२० मध्ये तिथल्या सरकारने निरनिराळ्या भागांतल्या कार्यक्रमांसाठी पाच कोटी डॉलरचा निधी काढला. हेतू हा, की एका भागातली माणसं दुसऱ्या भागात जाऊन राहावीत.

आपण साधा हिशेब करू. समजा, एका संध्याकाळी पाच हजार माणसं आली आणि त्यातल्या निम्म्यांनी वीस रुपयांचं काही घेतलं. झाले पन्नास हजार. त्यातलेही बरेच बाहेरून आलेल्या गाडीवाल्यांचे. सकाळी किनाऱ्यावरच्या बाटल्या वेचायच्या मात्र आपण. आता समजा, फक्त पन्नास पाहुणे दोन रात्री राहिले. दोघांत एक खोली धरली, म्हणजे पंचवीस खोल्या. रात्रीचे पंधराशे धरले तर दोन रात्रींचे पंचाहत्तर हजार. जेवणाखाण्याचे माणशी रोज सहाशे धरले तर साठ हजार. एकूण एक लाख पस्तीस हजार, आणि ते आपल्याच आळीत. शिवाय जाताना आमसुलं, सुपारी, पापड घेतात ते वेगळंच.

म्हणून आमच्या गटांनी मागच्या हंगामात एक लहानसा प्रयोग केला. पोपटी लावली. पोपटी आपल्याला नवी नाही. भातानंतर शेतात वाल येतो, त्याच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, बटाटे, कोंबडी. मडक्यात खाली-वर भांबुर्ड्याचा पाला आणि भोवती पेंढा, झावळ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. आपण ती घरच्यांसाठी लावतो, कौतुक काय त्याचं! पण मुंबई-पुण्याच्या माणसाला मडकं उलटं का ठेवायचं तेही बघायचं असतं. आम्ही बुधवार-गुरुवार निवडले, कारण शनिवार-रविवारी खोल्या तशाही भरतात. ज्यांनी रात्रीचा मुक्काम घेतला त्यांनाच पोपटी. स्टेज नाही, स्पीकर नाही. पाहुणे थोडेच आले, पण पैसे त्याच दिवशी मिळाले आणि गटाची पेटी रिकामी झाली नाही. त्यातली दोन कुटुंबं पुन्हा येऊन गेली.

मग अनुदान नकोच का? असं नाही. आमच्या वाडीतली ही गोष्ट चार माणसांना कळवायची तर जाहिरात लागते. रस्त्यावर दिवे, बायकांसाठी स्वच्छ शौचालय, कचरा उचलायची गाडी, हे आम्ही पेटीतून करू शकत नाही. आणि मोठ्या कार्यक्रमाने गावाचं नाव होतं, हेही खरं. जुलै २०२५ मध्ये आपले रायगड आणि खांदेरी हे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. कार्यक्रम वाढणारच आहेत. आपण त्यात कुठे उभं राहायचं, ते आपण ठरवायचं.

त्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, तोंडी शब्दावर जेवणं करू नका. साध्या कागदावर का होईना, किती ताटं, काय दर, पैसे कधी, हे लिहून सही घ्या आणि निम्मी रक्कम आगाऊ मागा. दुसरी, स्टॉलची जागा आधी बघून या, दिवा आणि पाणी आहे का ते विचारा. तिसरी, आपले कागद तयार ठेवा. अन्नपदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकाची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते. ती नसली की चांगल्या ठिकाणी आपल्याला बाजूला सारतात. चौथी, अर्ज एकट्या गटाने करायचा हट्ट नको. नोंदणीकृत संस्था मागतात तिथे गटाचा अर्ज टिकत नाही. ग्रामपंचायत किंवा आपला प्रभाग संघ पुढे असू द्या, पण खर्चाच्या अंदाजपत्रकात आपली ओळ स्वतंत्र लिहून घ्या.

आणि ही ओळ लिहून घ्यायची जागा म्हणजे ग्रामसभा. तिच्याआधी महिला सभा घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. आपण तिथे सही करून घरी येतो. येत्या २६ जानेवारीच्या आधीच्या महिला सभेत सही करून परतू नका. ठराव मांडा, की आपल्या गावात सरकारी पैशातून महोत्सव होईल तेव्हा जेवण आणि मुक्काम गावातल्या घरांत असेल, गटांचे पैसे ठरल्या दिवशी मिळतील आणि झालेला जमाखर्च ग्रामसभेत वाचला जाईल. कुणी म्हणेल, बायकांना काय कळतं यातलं? त्यांना सांगा, आम्ही दर बैठकीला रुपयाचा हिशेब वहीत लिहितो, तुम्हीही लिहा.

त्या काकींनी यंदाच्या पोपटीसाठी आत्ताच मडकी सांगून ठेवली आहेत. मी विचारलं, "काकी, अनुदानाचं काय?" त्या म्हणाल्या, "आलं तर वहीत लिवू. नाय आलं तर शेंगा हायेतच."

एवढं बोलून थांबते. भाकरी करपली नसेल ना? नमस्कार.