जुनी फटफटी आणि नवशिका हात

खडकीचें नांव निघालें कीं कोणास 5 नोव्हेंबर 1817 रोजीं झालेली मराठे व इंग्रज यांची लढाई आठवते, तर कोणास 1869 सालीं निघालेला दारूगोळ्याचा कारखाना. छावणीच्या या गांवांत लष्कराची मोठी दुरुस्तिशाळाहि आहे. पाना, हातोडी व ग्रीस यांचा सहवास तेथील पुष्कळ घरांना पिढीजात आहे. तेव्हां पडवींत ताडपत्रीखालीं उभी असलेली वडिलांची जुनी बुलेट आपल्या हातानें पुन्हां चालती करावी, असें खडकीच्या एखाद्या तरुणास वाटलें, तर त्यांत नवल कसलें? त्या इच्छेस ज्ञानाची जोड कशी द्यावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

बुलेट हें नांव इंग्लंडांतील रॉयल एनफील्ड कंपनीनें 1932 सालीं प्रथम आपल्या गाडीस दिलें. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारनें सैन्याच्या कामासाठीं 800 बुलेट मागविल्या, आणि 1955 सालीं मद्रास येथें एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. रेडिचचा मूळ कारखाना पुढें बंद पडला; मद्रासची बुलेट मात्र चालत राहिली. तिचें यंत्र साधें आहे. सिलिंडर एकच, त्याचा व्यास 70 मिलिमीटर, पिस्टनची धांव 90 मिलिमीटर आणि आकारमान 346 घनसेंटिमीटर. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेंत मिळतात. शिकाऊ माणसास याहून बरा गुरु सहसा मिळावयाचा नाहीं.

परंतु पाना हातीं घेण्यापूर्वीं कागद हातीं घ्यावे. चेसिसवरील व इंजिनवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं अक्षरशः जुळतात कीं नाहींत, हें प्रथम पाहावें. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षें चालते. पुढें तपासणी करवून तिचें 5-5 वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें. घरची गाडी नसून बाजारांत विकत घ्यावयाची असेल, तर ही दक्षता दुप्पट हवी. ज्या गाडीचे क्रमांक खरवडलेले आहेत, ती फुकट मिळाली तरी महाग होय.

त्यानंतर एका प्रश्नाचें उत्तर मनाशीं ठरवावें: गाडी मूळ रूपांत आणावयाची, कीं आपल्या आवडीप्रमाणें बदलावयाची? तरुणांचा ओढा बहुधा दुसऱ्या बाजूस असतो. मडगार्ड कापावें, चेसिसची शेपटी छाटावी, सायलेन्सर गर्जणारा लावावा, असें त्यांस वाटतें. येथें कायदा आडवा येतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम असें सांगतें कीं, कारखानदारानें ठरविलेल्या व नोंदणींत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल मालकानें करूं नये. शिवाय 2021 सालीं झालेल्या नियमानुसार, प्रथम नोंदणीस 50 वर्षें उलटलेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या दुचाकीस जुन्या वारशाची गाडी म्हणून वेगळी नोंद मिळूं शकते. चेसिस किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला कीं तो मान गेला. अशा नोंदीची गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

मग हौस पुरवावी कशी? नियम सोपा आहे. जो बदल उद्यां पुन्हां पूर्ववत् करतां येईल, तो करावा; जेथें करवत किंवा वेल्डिंग लागतें, तेथें हात आंवरावा. बैठक, आरसे, सामानाची जाळी हीं बदललीं तरी जुनीं जपून ठेवतां येतात. रंग बदलल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयांत करावी. आणि वडिलांच्या पायानें झिजलेली किक बदलण्यापूर्वीं तर क्षणभर थांबावें. सगळेंच नवें केलें, तर जुनें म्हणून उरतें काय?

आतां प्रत्यक्ष काम. गाडी सोडवितांना प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र घ्यावें, आणि प्रत्येक भागाचे नट व बोल्ट वेगळ्या पिशवींत घालून वर नांव लिहावें. सोडविणें एका दुपारचें काम असतें. जुळविणें कित्येक महिन्यांचें. स्मरणशक्तीवर भरंवसा ठेवणाऱ्याच्या हातीं शेवटीं मूठभर वॉशर उरतात.

दोन धोके विशेष सांगितले पाहिजेत. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेलीपेक्षां अधिक घातक, कारण तिच्यांत वाफ कोंडलेली असते. तिला घरीं डाग देण्याचें धाडस कोणीं करूं नये. दुसरें, जुन्या ब्रेक शूच्या धुळींत अॅस्बेस्टॉस असूं शकतें. ती फुंकरीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी.

इंजिन चालत नाहीं म्हणून तें लगेच उघडूं नये. ठिणगी पडते काय, पेट्रोल पोंचतें काय, आणि किकला दाब लागतो काय, हे तीन प्रश्न क्रमानें विचारावे. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडींत पॉइंट काळवंडलेले आणि कार्ब्युरेटरचीं छिद्रें चिकटलेलीं असणें हें नेहमींचेंच. छिद्रांत तार घालूं नये. पेट्रोलांत भिजवून हवेनें तीं साफ करावीं. टॅपेट इंजिन थंड असतांनाच लावावे. आंतील दांडी दोन बोटांनीं सहज फिरावी, पण वरखालीं हलूं नये, ही त्याची खूण. सिलिंडर बोअर करणें, क्रँक जुळविणें हीं कामें मात्र जाणत्या कारागिराकडेच न्यावीं, आणि तो काम करीत असतांना शेजारीं उभें राहून पाहावें. अर्धी विद्या तेथेंच मिळते.

किक मारण्याचेंहि एक शास्त्र आहे. चावी लावून किक हळूहळू दाबावी. विजेच्या कांट्याची सुई मध्यावर आली कीं थांबावें. मग डीकॉम्प्रेसर ओढून किक किंचित् पुढें न्यावी, तो सोडावा, किक वर घ्यावी आणि एकाच दमांत पूर्ण मारावी. घाईनें अर्धवट मारलेली किक उलट फिरून पायास इजा करते.

इंजिन बोलूं लागलें कीं आनंदानें रस्त्यावर धांवण्याचा मोह होतो. त्यापूर्वीं ब्रेक, टायर, चेन व दिवा हीं चार तपासावीं. जो गाडी थांबवूं शकतो, त्यालाच ती चालविण्याचा अधिकार आहे.