पाणी कुठे अडते, मूल कुठे गळते



पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या संशोधनाचा विचार करण्यासाठी आपण रायगड जिल्ह्यातील उलव्यात जमलो आहोत. परिषदेचा विषय ‘पाईपलाइन’. एका टोकाला मुलांना शाळेबाहेर काढणारी शिस्त आणि दुसऱ्या टोकाला जमिनीखालची खरीखुरी जलवाहिनी. ही दोन टोके एका मांडवाखाली कशी आणायची, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. शिक्षणशास्त्राचे आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी एरवी एकमेकांचे प्रबंध उघडूनही पाहत नाहीत. त्यांनी ते वाचायला हवेत, असे माझे म्हणणे आहे, कारण दोघांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. जे सर्वांसाठी म्हणून जाहीर झालेले असते, ते वाटेत नेमके कुठे, कोणाच्या हातून आणि कोणत्या कागदाच्या आधारे अडते? आपले बहुतेक संशोधन कोरड्या टोकाशी थांबते. तिथल्या रिकाम्या हंड्यांची आणि शाळाबाह्य मुलांची मोजदाद करते, हळहळते आणि शिफारशी लिहून संपते. ते उलट दिशेने चालत पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या चावीपाशी गेले पाहिजे.

याच रायगड जिल्ह्याने, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याने, याचा धडा आपल्याला शंभर वर्षांपूर्वी दिला आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. पाणी आणि शाळा एकाच ठरावात होती, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ते पाणी प्यावे लागले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला मार्च 1937 उजाडला. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये चौदा वर्षे गेली. ती चौदा वर्षे कुठे गेली, याचे उत्तर ठरावाच्या मजकुरात सापडत नाही. ते गावच्या दबावात, नगरपालिकेच्या माघारीत, मनाई हुकमात, वहिवाटीच्या दाव्यात आणि तारखांत शोधावे लागते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत बालपणीच्या शाळेतील नळाबद्दलही लिहिले आहे. त्या नळाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती, शिपायाने तो उघडला तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहावे लागे. शाळेत प्रवेश होता, नळाला पाणीही होते. अडवणूक होती ती तोटी फिरवणाऱ्या हाताच्या असण्या-नसण्यात. बहिष्कार यंत्रणेच्या आत कसा काम करतो, हे सांगणारे याहून नेमके निरीक्षण मला समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही आढळत नाही.

स्वातंत्र्यानंतर उघड मनाई गेली आणि तिची जागा तारखांनी व दाखल्यांनी घेतली. मुंबईत 1 जानेवारी 1995 नंतरच्या झोपड्यांना अधिकृत नळजोडणी द्यायची नाही, असे धोरण बराच काळ होते. पुढे ती तारीख 2000 पर्यंत सरकली. तहान कोणत्या वर्षापासूनची ग्राह्य धरायची, हे एका परिपत्रकाने ठरवले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 खालील जगण्याच्या हक्कात येतो आणि केवळ घर अनधिकृत आहे म्हणून कोणालाही पाणी नाकारता येणार नाही. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण त्यानंतर आले, तेही 2022 मध्ये. या काळात मुंबईच्या नळांवर दोन महत्त्वाची पुस्तके लिहिली गेली आणि दोन्हींचा उगम पीएच.डी.च्या संशोधनात आहे. लिसा ब्यॉर्कमन यांचे ‘पाइप पॉलिटिक्स, कंटेस्टेड वॉटर्स’ हे 2015 चे पुस्तक मुंबईच्या एम-पूर्व विभागातील पाण्याचा माग काढते, तर निखिल आनंद यांचे ‘हायड्रॉलिक सिटी’ हे 2017 चे पुस्तक जोगेश्वरीच्या वस्त्यांतला. दोघांनी केवळ रांगेतल्या बायकांच्या मुलाखती घेऊन काम संपवले नाही. ठरल्या वेळी रस्त्यावरची चावी फिरवणारा चावीवाला, प्लंबर, नगरसेवक आणि पाणी खात्याचा अभियंता यांच्यासोबत ते फिरले. पाण्याचा दाब डोंगरउतार आणि पंप यांवर अवलंबून असतो, तसाच तो ओळख, कागद आणि पाठपुरावा यांवरही अवलंबून असतो, हे त्यांना तिथे दिसले. गळती हा नुसता यांत्रिक दोष नसून तिच्याभोवतीही माणसांचे व्यवहार उभे राहतात, हेही दिसले. हे संशोधन मराठी मुलखात झाले, पण आपल्या किती विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत त्याची साधी चर्चा झाली?

आता शाळेकडे वळतो, आणि इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण हा भाग आपल्याकडे कमी अभ्यासला गेला आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 16 प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई करते. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची वाट पुन्हा उघडली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करते. कागदावर आठवीपर्यंतची वाहिनी अखंड आहे. पण शाळाबाह्य मुलाच्या सरकारी व्याख्येत महिनाभर सतत गैरहजर राहिलेले मूलही येते. पनवेल, पेण, उरणच्या वीटभट्ट्यांवर हंगामात जाणाऱ्या कातकरी कुटुंबातले मूल या व्याख्येत दरवर्षी शिरते. त्याला कोणी काढलेले नसते. हजेरीपत्रकावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो आणि पटावर नाव असूनही ते वर्गात नसते. आठवीनंतर तर कायद्याचे संरक्षणच संपते, आणि तिथे नववी उभी आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच थांबवण्याची रीत आपल्या शिक्षकांना, पालकांना आणि अधिकाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. पालकांना बोलावून सांगितले जाते, दाखला काढून न्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. बहिःस्थ विद्यार्थ्यांची ही सोय मुळात शाळा सुटलेल्यांना परत आणण्यासाठी आहे. तीच सोय शाळेत असलेल्यांना बाहेर जाण्याची वाट बनते. या व्यवहारात निलंबनाचा हुकूम निघत नाही आणि शिक्षेची नोंदही होत नाही. जनरल रजिस्टरात शाळा सोडण्याचे कारण म्हणून ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले जाते. मूल स्वतःहून गेले, अशी कागदाची साक्ष उरते. आपल्याकडची शिस्तीची हकालपट्टी अशी विनंतीच्या रूपात होते, म्हणून निलंबनाचे आकडे शोधणाऱ्या संशोधकाच्या हाती काही लागत नाही.

अमेरिकेत हे आकडे मिळतात, कारण तिथे निलंबन उघडपणे नोंदवले जाते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेक्सासच्या अभ्यासात सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांचा सातवीपासून किमान सहा वर्षे माग घेतला गेला. त्यातील जवळपास 60 टक्के मुले बारावीपर्यंत एकदा तरी निलंबित झाली किंवा काढली गेली होती. शिस्तीच्या एकूण कारवायांपैकी जेमतेम 3 टक्के अशा वर्तनासाठी होत्या, ज्यात कायद्यानेच मुलाला बाहेर काढणे बंधनकारक होते. उरलेल्या सगळ्या शाळेच्या मर्जीवरच्या. शार्लट शहरात 2002 मध्ये शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. त्यामुळे एकाच भागातली मुले वेगवेगळ्या शाळांत गेली आणि संशोधकांना जणू नैसर्गिक प्रयोगच मिळाला. ज्या मुलांच्या वाट्याला अधिक कडक शाळा आली, त्यांना मोठेपणी अटक होण्याची आणि तुरुंगात जावे लागण्याची शक्यता 15 ते 20 टक्क्यांनी वाढलेली दिसली. मुळात वाईट मुलेच निलंबित होतात आणि तीच पुढे तुरुंगात जातात, या युक्तिवादाला हे सबळ उत्तर आहे, कारण इथे मुले तशीच होती, बदलली होती फक्त शाळेची हद्द.

यावर काही आक्षेप येतात आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की शाळेतून तुरुंगाकडे नेणाऱ्या पाईपलाइनचे हे रूपक परदेशी आहे, आपल्या शाळांतून मुले तुरुंगात जात नाहीत. खरे आहे. शाळेतून तुरुंगाकडे जाणारा रस्ता आपल्याकडे जसाच्या तसा उचलून मांडला, तर ते आळशी संशोधन होईल. आपल्या वाहिनीचे दुसरे टोक वीटभट्टी, उसाचा फड, बालविवाह किंवा कंत्राटी मजुरीचा नाका येथे असू शकते. कोणते आहे, ते शोधणे हेच आपले काम. दुसरा आक्षेप असा, की मूल म्हणजे पाणी नव्हे. ते रागावते, पळते, परत येते, स्वतःचा निर्णय घेते. हाही मान्य. रूपकाने मुलाला निर्जीव केले, की ते टाकून द्यावे. त्याचा उपयोग एवढाच की ते आपल्याला प्रत्येक सांधा तपासायला लावते. तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. भरगच्च वर्गात एखादे मूल रोज मारामारी करत असेल, तर बाकीच्यांच्या शिक्षणाचे काय? पण बाहेर काढण्याचा निर्णय कोणत्या वर्तनासाठी होतो, हे मोजल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि टेक्सासने मोजल्यावर कायद्याने बाहेर काढणे बंधनकारक असलेले प्रसंग त्यात फारच थोडे निघाले. नववीत थांबवलेली आपली बहुतेक मुले तर मारामारी करणारी नसतातच, ती गणितात मागे पडलेली असतात. चौथा आक्षेप अभियंत्यांचा. पाणी मर्यादित आहे, कुठेतरी रेषा आखावीच लागेल. उच्च न्यायालयानेही अनधिकृत वस्त्यांना इतरांइतका समान हक्क दिला नव्हता, सार्वजनिक नळ आणि वेगळा दर चालेल, असेच म्हटले होते. रेषा आखण्याला माझी हरकत नाही. ती कोणी आखली, कशाच्या आधारे आखली आणि तिच्या पलीकडच्यांची सोय कोणी केली, एवढे लिहून ठेवायला हवे.

ज्या ठिकाणी आपण बसलो आहोत, तेथे हे सगळे प्रश्न एकत्र भेटतात. उलवे नोडला सिडको जे पाणी देते, ते पेण तालुक्यातील भोगेश्वरी नदीवरच्या हेटवणे धरणातून येते आणि जिते येथील केंद्रात शुद्ध होते. धरण बांधले मध्यम पाटबंधारे प्रकल्प म्हणून, आणि त्याच पेण तालुक्याच्या खारेपाटातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शेतीचे पाणी शहराकडे वळताना कोणकोणते निर्णय झाले, कोणत्या सभेत, कोणाच्या अर्जावर, याचा क्रमवार इतिहास एका प्रबंधाला पुरून उरेल. विमानतळाचेही तसेच. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, डुंगी आणि वाघिवली परिसरातील गावे उठली. घरांना भूखंड मिळाले, त्यांचे हिशेब आहेत, त्यांवर आंदोलने झाली, बातम्या आल्या. गावांबरोबर तिथल्या शाळाही उठल्या. त्या शाळांच्या शेवटच्या पटावरची मुले पुढे कोणत्या शाळेत गेली, किती जणांचा दाखला वेळेवर पोहोचला, कोण नववीत दिसते आणि कोण दिसत नाही, हा अभ्यास व्हायचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 सांगते की दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. विस्थापनाच्या काळात ते कलम पाळले गेले का, हे रजिस्टर पाहूनच कळेल.

एका तालुक्याच्या अभ्यासाने सिद्धांत उभा राहत नाही, असे मार्गदर्शक विद्यार्थ्यांना सांगतात आणि त्यांना दोनशे जणांच्या प्रश्नावलीकडे वळवतात. माझा अनुभव नव्हे, तर वर सांगितलेली उदाहरणेच त्याचे उत्तर देतात. जोगेश्वरीच्या अभ्यासातून समजलेली तारखेची आणि कागदाची यंत्रणा कोणत्याही नगरपालिकेत ओळखता येते, पण दोनशे जणांची सरासरी चावी कोणाच्या हातात होती हे कधीच सांगत नाही. म्हणून मार्गदर्शकांना माझी विनंती आहे की शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला जनरल रजिस्टर वाचायला शिकवा आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पाणीवाटपाच्या वेळापत्रकामागची माणसे भेटू द्या. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आपल्या हाती आहे, त्याचा वापर करा. मुलांची नावे मात्र प्रबंधात कधीही छापू नका. आणि विद्यार्थ्यांनो, विमानतळासाठी उठलेल्या या गावांच्या शाळांची रजिस्टरे अजून कुठल्यातरी कपाटात आहेत, ती लिहिणारे शिक्षक आणि ती मुले अजून याच परिसरात भेटू शकतात. येत्या वर्षी तुमच्यापैकी निदान एकाने हा विषय नोंदवावा, आणि तयार झालेला प्रबंध विद्यापीठाबरोबरच त्या गावांनाही मराठीत वाचायला द्यावा.