मजुरीचे नाणे



पैशाने माणुसकी बुडवली, असे आपण उठताबसता म्हणतो. आम्हीही म्हणत आलो. परंतु शाळा लवकर सुटलेल्या आम्हां लोकांना रात्री कचेरीत मिळेल ते पुस्तक वाचण्याची खोड असते. अशाच एका रात्री मेक्सिकोच्या गिरणी कामगारांची हकीकत वाचली आणि आमचे मत डळमळले.

ओरिझाबा गावाजवळ रिओ ब्लांको ही मोठी कापडगिरणी होती. तेथे मजुरीपोटी चिठ्ठ्या मिळत, आणि त्या चालत ठरलेल्या दुकानात. भाव दुकानदाराचा, माप त्याचे, वहीही त्याचीच. एका हाताने दिलेला पगार दुसऱ्या हाताने परत! डिसेंबर १९०६ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांनी लवादाचा निर्णय दिला : ७ जानेवारी १९०७ रोजी कामावर हजर व्हा. कामगार वळले ते दुकानाकडे, आणि पुढे बायका होत्या. दुकान लुटले गेले, जळाले. मग लष्कराने गोळ्या झाडल्या. पुढे १९१७ च्या राज्यघटनेत १२३ वे कलम आले : मजुरी चलनी नाण्यातच द्यावी, चिठ्ठ्या-बिल्ले चालणार नाहीत, अमुक दुकानातूनच माल घ्या ही अटही रद्द. ज्या नाण्याला आपण शिव्या देतो, त्यासाठी त्या लोकांनी छातीवर गोळ्या घेतल्या. आपल्याकडे १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्याने पगार चलनात द्या असे सांगितले, ते गोळ्यांवाचून.

मग रोख नाणे आले की मजूर सुटला? छे! दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत उलटाच प्रकार झाला. सेसिल ऱ्होड्स पंतप्रधान असताना १८९४ मध्ये ग्लेन ग्रे कायदा झाला. जो आफ्रिकी पुरुष वर्षातून तीन महिने जिल्ह्याबाहेर मजुरी करणार नाही, त्याने दहा शिलिंग कर भरावा! घरी गुरे असोत, मका असो, सरकारला शिलिंगच पाहिजे. आणि शिलिंग मिळे गोऱ्याच्या शेतावर नाही तर खाणीत. तिकडे नाणे नाकारून बांधले, इकडे नाणे मागून बांधले.

तेव्हापासून आम्ही पैशाला बोल लावत नाही. तो मागतो कोण आणि आधी पडतो कोणाच्या हाती, एवढे पाहतो.

आता घरचे. बीडकडची माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. ती रोख असते, चिठ्ठी नव्हे. लग्न, दवाखाना, बी-बियाणे यांत ती कधीच संपते आणि हंगामभर ऊस तोडून फेडावी लागते. फिटली नाही तर पुढल्या हंगामी पुन्हा तोच मुकादम. दुकान नाही, पण वही आहेच. नवराबायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याची, बोलणी नवऱ्याशी.

एका फडावर आम्ही तोडणीचा दर वाढलाच पाहिजे असे तावातावाने सांगत होतो. मोळी बांधता बांधता एक बाई म्हणाली, "भाऊ, दर वाढवा, नको कोण म्हणतंय? पण माझ्या अर्ध्या कोयत्याचे पैसे कुणाच्या हातात पडतेत, ते बी इचारा की."

मुकादम हसला. तिचा नवराही हसला. आमच्या खिशात मागण्यांचा कागद होता, त्यात हे कलम नव्हते. तिथेच बांधावर बसून आम्ही ते शेवटी लिहून घेतले. कागदावर जागा थोडीच उरली होती.