जुनी डुकाटी: ८९९ कीं ९५९?

इटलींतील बोलोन्या शहरीं १९२६ सालीं डुकाटी घराण्यानें एक कंपनी स्थापन केली. ती मोटारसायकली बनविण्यासाठीं नव्हती, रेडिओला लागणारे कंडेन्सर बनविण्यासाठीं होती. १९३५ सालीं शहरालगतच्या बोर्गो पानिगाले येथें तिचा मोठा कारखाना उभा राहिला. १९४४ सालीं बाँबवर्षावांत तो उद्ध्वस्त झाला. आणि महायुद्ध संपल्यावर सायकलीला जोडावयाचें एक चिमुकलें इंजिन हाच तिचा आधार ठरला. ज्या यंत्रांतून हें भाषण श्रोत्यांच्या कानीं पडत आहे त्याचें, आणि ज्या यंत्राविषयीं तें आहे त्याचें, असें जुनें नातें आहे. त्याच उपनगराचें नांव धारण करणारी पानिगाले मोटारसायकल आतां काशीमिऱ्याच्या नाक्यावर दिव्यापाशीं एखादे वेळीं उभी दिसते, आणि शेजारच्या रिक्षांतील मंडळी माना वळवून तिच्याकडे पाहतात.

मीरा-भाईंदरमधील एखाद्या घरीं हा विषय निघतो तो बहुधा असा. मुलगा कमावता झालेला असतो, चार वर्षांची पुंजी साठलेली असते. नवी असतां दहा लाखांवर किंमत असलेली गाडी जुनी म्हणून बरीच खालीं उतरलेली असते. आईला मुलाच्या जिवाची काळजी, वडिलांना पैशाची. मुलापुढें मात्र प्रश्न निराळाच असतो: आधीच्या पिढीची ८९९ घ्यावी कीं पुढच्या पिढीची ९५९? तिघांचे प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचीं उत्तरें एकमेकांत गुंतलेलीं आहेत.

८९९ ही १९१३ ची नव्हे, २०१३ सालची. तरीहि मोटारसायकलींच्या जगांत तिला वयस्कच म्हणावें लागेल. तिच्या दोन सिलिंडरांचा व्यास प्रत्येकीं १०० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ५७.२ मिलिमीटर. रुंद आणि आखूड अशा या घडणीमुळें इंजिन फार वेगानें फिरूं शकतें, आणि त्याची १४८ अश्वशक्ति मिनिटाला १०,७५० फेऱ्या झाल्यावरच पूर्णपणें हाताशीं येते. ९५९ ही २०१५ च्या नोव्हेंबरांत मिलानच्या प्रदर्शनांत आली. तिच्यांत व्यास तोच ठेवून धांव ६०.८ मिलिमीटर केली आहे. फरक दिसावयास ३.६ मिलिमीटरांचा, म्हणजे पेरभरहि नाहीं; परंतु त्यामुळें आकारमान ८९८ वरून ९५५ घनसेंटिमीटरांवर गेलें, शक्ति १५७ वर गेली, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पीळ ९९ वरून १०७ न्यूटन-मीटरांवर गेला.

पीळ म्हणजे चाक फिरविणारा रेटा, आणि शहरांत उपयोगी पडतो तो हाच. शक्तीचा आंकडा मित्रमंडळींत सांगावयास बरा. अकरा हजार फेऱ्यांची हौस दहिसर नाक्यापासून काशीमिऱ्यापर्यंतच्या गर्दींत भागविणार कशी? तेथें कमी फेऱ्यांवर गुमानें चालणारें इंजिन हवें, आणि त्या कसोटीला ९५९ उजवी ठरते. तिच्या बाजूनें आणखी एक गोष्ट आहे. ९५५ घनसेंटिमीटरांच्या इंजिनाचें हेंच घराणें पुढें पानिगाले व्ही-२ या गाडींत २०२४ पर्यंत चालत राहिलें. त्यानंतरच्या नव्या व्ही-२ मध्यें इंजिन अगदीं वेगळें आहे. झडपा उघडतांना आणि मिटतांनाहि यंत्रानेंच ओढण्याची डेस्मोड्रोमिक पद्धति, जी फाबियो ताल्योनी या अभियंत्यानें १९५६ सालीं शर्यतीच्या डुकाटींत आणली, ती तींत नाहीं. सुट्या भागांच्या दृष्टीनें ज्या इंजिनाचें घराणें अधिक काळ चाललें तें घेणें शहाणपणाचें.

८९९ ची बाजू मात्र अगदींच लंगडी नाहीं. ती सुमारें सात किलोंनीं हलकी आहे. तिचा धूर सोडणारा भाग इंजिनाच्या पोटाखालीं लपलेला आहे. ९५९ ला युरो-४ चे नियम पाळावयाचे असल्यामुळें उजव्या अंगाला तोफेसारखीं दोन नळकांडीं लटकविलीं आहेत, आणि त्या बाजूनें गाडी पाहिली म्हणजे बोलोन्याच्या कारागिरांनीं नाइलाजानें हात टेकल्याचें जाणवतें. इतर बाबतींत दोघी सख्ख्या बहिणी आहेत. अल्युमिनियमचा सांगाडा तोच, चाकें रोखण्याची व्यवस्था तीच, बैठक जमिनीपासून ८३० मिलिमीटर. दोघींतहि एबीएस आणि मागचें चाक घसरूं न देणारी योजना आहे. परंतु गाडी वळणावर कलली असतां तो कल ओळखून ब्रेक आवरणारें यंत्र दोघींतहि नाहीं. तें या मालिकेंत व्ही-२ पासून आलें. पावसाळ्यांत गायमुखच्या वळणावर ब्रेक दाबणाऱ्यानें, आणि त्याच्या आईनेंहि, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

गाडी नेणार कोठें, हाहि प्रश्न आहेच. वांद्रे-वरळीचा सागरी सेतु, अटल सेतु, मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग हे मुंबईच्या आसपासचे सर्वांत गुळगुळीत रस्ते. आणि नेमके तेथेंच मोटारसायकलीला मज्जाव. उरतो तो वसईची खाडी ओलांडून मनोरकडे जाणारा महामार्ग, आणि घोडबंदरचा रस्ता. पूर्वीं त्या बंदरांत घोड्यांचा व्यापार होत असे म्हणून त्याला तें नांव पडलें असें सांगतात. दीडशें अश्वशक्तीच्या वाहनानें त्याच घोडबंदरपाशीं खड्डे चुकवीत पायीं चालणाऱ्याच्या गतीनें सरकावें, हा योगायोग मौजेचा खरा. परंतु मागच्या सिलिंडराची ऊब मांडीला लागूं लागली म्हणजे मौज ओसरते. ही ऊब दोन्ही पिढ्यांत आहे. परीक्षा पाहावयाची तर रविवारच्या पहांटे नव्हे, कामाच्या दिवशीं सायंकाळीं सहा वाजतां पाहावी.

आतां या शहराची एक खास गोष्ट. पश्चिमेला उत्तनचा समुद्र, उत्तरेला खाडी, आणि भाईंदरच्या अंगाला पिढ्यान् पिढ्या चाललेलीं मिठागरें. हवेंतच मीठ आहे. इमारतीखालच्या उघड्या जागेंत, आच्छादनाखालीं, चार महिने उभी राहिलेली गाडी वरून लखलखीत दिसते. पण अल्युमिनियममध्यें बसविलेले पोलादी बोल्ट आंतून धरलेले असतात, तारांच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, आणि पुढच्या काट्याच्या चकचकीत नळीवर टांचणीच्या टोंकाएवढे गंजाचे ठिपके पडतात. त्या ठिपक्यांनीं तेलाची चकती कापली जाते आणि तेल थेट ब्रेकवर उतरतें. पेट्रोलांत मिसळलेला मद्यार्कहि हवेंतली ओल ओढून घेतो. या गाड्या घडल्या तेव्हां वीस टक्के मिश्रणाचें पेट्रोल आपल्याकडे नव्हतें. म्हणून 'फार कमी चाललेली आहे' हें विक्रेत्याचें वाक्य ऐकून हुरळून जाऊं नये. दहा वर्षांत पांच हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षां नियमानें फिरविलेली आणि वेळेवर तेल बदललेली वीस हजारांची गाडी कितीतरी बरी.

वीस हजारांवर मात्र एक धोंडा पुढें उभा असतो. दर २४,००० किलोमीटरांना झडपांची तपासणी करावी लागते, आणि डेस्मोच्या रचनेमुळें तें काम नाक्यावरच्या मिस्त्रीचें नव्हे. ती तपासणी झाल्याची नोंद व पावती असेल तर गाडीची किंमत वाढते; नसेल तर होणारा खर्च किंमतींतून सरळ वजा करून मागावा. टायरच्या कडेला चार आंकडे छापलेले असतात. ३२१८ असें असेल तर तो टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांतला. खांचा शाबूत दिसल्या तरी असा टायर पावसांत वापरावयाचा नाहीं.

तेव्हां निवड कोणती? दोन्ही गाड्या सारख्याच निगेच्या मिळाल्या तर ९५९ घ्यावी, याविषयीं फारसा वाद नको. परंतु व्यवहारांत दोन जुन्या गाड्या सारख्या कधींच नसतात. सर्व पावत्या जपलेली ८९९ आणि तोंडी इतिहासाची ९५९ अशी गांठ पडली, तर ८९९ घेऊन उरलेल्या पैशांतून चांगलें शिरस्त्राण, हातमोजे आणि नवे टायर घ्यावेत. वडिलांचा आणि आईचा, असे दोन्ही प्रश्न त्यानें निदान अर्धे सुटतात.

शेवटीं कागदपत्रांविषयीं, कारण येथें फसणारे यंत्रांत फसणाऱ्यांहून अधिक. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याखेरीज पैसे देऊं नयेत. गाडी परराज्यांतली असेल तर तेथील ना-हरकत दाखला आणि येथील कर यांचा हिशेब आधीं मांडावा. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाली असतां विकणाऱ्यानें चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावें असा १९८८ च्या कायद्याचा दंडक आहे. तो विकणाऱ्यानेंहि मनावर घ्यावा. गाडी हातोहात कितीहि वेळां विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नांवें असेल तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. विमाहि चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवें करून घ्यावा. दुसऱ्याच्या इजेपुरतें संरक्षण कायद्यानें आपोआप घेणाऱ्याकडे येतें. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचें येत नाहीं, आणि विमा आपल्या नांवें होईपर्यंत पानिगाले इमारतीखालींच उभी ठेवलेली बरी.