दिवस राहिले तरी थायरॉईडची गोळी थांबवू नका

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या काही स्त्रिया दिवस राहिल्याचे कळताच ती बंद करतात. पोटातील बाळाला औषधाची बाधा नको, हा त्यामागचा हेतू. परिणाम मात्र उलट होतो.

गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी सुमारे १२ आठवड्यांनंतर काम करू लागते. तोपर्यंत त्याच्या मेंदूच्या वाढीस लागणारे हे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, केवळ आईकडून मिळते. गोळीत तेच संप्रेरक असते. ते बाळाला परके नव्हे. उलट, गरोदरपणात बहुधा मात्रा वाढवावी लागते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच टीएसएच तपासणी करून डॉक्टरांना दाखवावे.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहासुद्धा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. ही प्रतीक्षा अनेकींना जड जाते, याची जाणीव आहे. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्याही आवश्यकच आहेत, परंतु त्या किमान ४ तासांनी आणि एकमेकींपासून वेगळ्या वेळी घ्याव्यात. अन्यथा थायरॉईडची गोळी अंगी नीट लागत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनीही ‘इतक्या गोळ्या कशाला’ असे म्हणून तिला परावृत्त करू नये. प्रसूतीनंतरची मात्रा डॉक्टर ठरवतील. अंगावर पाजत असतानाही ही गोळी घेता येते.