दहावीचं रसायनशास्त्र आणि आपल्या घरातलं पाणी

आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिका. आज बोलणार आहोत रसायनशास्त्राबद्दल. विषय शाळेचा असला, तरी तो थेट तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

आपल्याकडचा 'लातूर पॅटर्न' साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. भरपूर सराव, पुन्हा पुन्हा प्रश्नपत्रिका. त्यातून आपली कितीतरी लेकरं डॉक्टर, इंजिनिअर झाली, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण वर्गातल्या सगळ्याच मुली तिथपर्यंत जात नाहीत. अनेकींचं रसायनशास्त्र दहावीलाच संपतं. पुढे घरात अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर आणि शेतात फवारणीचं औषध त्यांच्याच हाताशी असतं. संडास धुताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली, की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. समीकरण पाठ असून हे ठाऊक नसेल, तर त्या पाठांतराचा काय उपयोग?

दहावीला विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन पेपर आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण असतात. प्रात्यक्षिक म्हणजे नुसती वही पूर्ण करणं नव्हे. बाई टेबलावर करून दाखवतात आणि साठ मुलं लांबून बघतात, तेही पुरेसं नाही. प्रत्येक मुलीच्या हातात परीक्षानळी आली पाहिजे.

प्रयोगशाळेत सामान कमी असेल, तरी अडत नाही. हळद पाण्यात कालवून कागदाला लावा आणि वाळवा. त्यावर साबणाचं पाणी टाकलं, की कागद लाल होतो. लिंबू पिळलं, की परत पिवळा. झाला आम्ल-आम्लारीचा दर्शक तयार! हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल का होते, तेही त्यातच कळतं.

दुसरा प्रयोग पाण्याचा. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, हे तर रोजचंच. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच पावसाचं. दोन्हींत साबणाच्या पाण्याचे सारखे थेंब टाकून हलवा. फेस कुठे जास्त येईल, हे मुलींनी आधी वहीत लिहावं, मग बघावं. मग बोअरचं पाणी उकळून, निववून, गाळून पुन्हा तपासावं. भांड्याला बसलेला पांढरा थर म्हणजे पाण्यातून बाहेर पडलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. उकळूनही फेस वाढला नाही, तर कठीणपणा कायमचा आहे, असं समजावं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही नावं अशी शिकली, की मुली विसरत नाहीत.

अ‍ॅसिड मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळायचं. पाण्यात अ‍ॅसिड हळूहळू ओतायचं. अ‍ॅसिडात पाणी कधीच ओतायचं नाही.

मैत्रिणींनो, तुम्ही शिकलेल्या असा-नसा, एक काम नक्की करा. लेक शाळेतून आली की "किती मार्क पडले?" याच्या जोडीला "आज प्रयोगात तू स्वतः काय केलंस?" असंही विचारा. पालकसभेत विचारा, की आठवड्याला एक तास प्रयोगाचा होतो का? प्रयोगशाळेला कुलूप असेल, तर ते उघडायला सांगा. चार आयांनी मिळून विचारलं, की शाळेला उत्तर द्यावंच लागतं.