हर्णैचे कुरव
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



काल सुवर्णदुर्गाला जाताना होडीमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागला आणि आपण शेवेची पाकिटं रिकामी केली. मीही केली. रात्री ते मनाला लागून राहिलं, म्हणून आज गाण्याऐवजी हे बोलतो.

शाळेत आपण त्यांना सरसकट ‘समुद्रपक्षी’ म्हणायचो. ते कुरव, बरेचसे तपकिरी डोक्याचे. हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा. मार्चच्या सुमारास डोकं तपकिरी होऊ लागलं की निघायची वेळ आली समजायचं. त्यांची घरटी तिबेटात, लडाखात. त्सो मोरिरी तळं तर सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे!

खाण्यापिण्यात त्यांचं सोवळं नाही. छोटी मासळी, कोळंबी, किडे. शिवाय हर्णैच्या लिलावानंतर वाळूत पडलेली माशांची डोकी-आतडी. बंदर फुकटात साफ होतं. पण खारट, तळलेल्या बेसनानं नुसतं पोट भरतं. परतीच्या एवढ्या लांबच्या उड्डाणाला मासळीचा कस लागतो, तो शेवेत कुठून येणार?

पूर्वीही ते होडीमागे यायचे, पण जाळं ओढणाऱ्या. आता सहलीच्या होडीमागेही येतात. ती सवय आपण लावली.

दुपारी दुसरी होडी जाणार आहे. उरलेली पाकिटं माझ्याकडे द्या, चहाबरोबर संपवू. बाई, तुमच्या पिशवीतलंसुद्धा!